आर्लिस थॉर्सनेस विरुद्ध गेलन हॉगेन

ऑक्टोबर महिना, बीट काढणीचा ऐन हंगाम. आर्लिस थॉर्सनेस शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून अडीचच्या सुमारास घरी निघाली होती. लुंडगार्डच्या शाळेत ती एकतीस वर्षं रांधत होती. त्यातली शेवटची अठरा मुख्य आचारी म्हणून. दोनशे चाळीस मुलांचे पाव ती अजून हातानं मळायची आणि बाहेरून पाव आणायचा विषय निघाला की कान बंद करून घ्यायची.

गावाबाहेर तीन मैलांवर एक चौक आहे. आर्लिसचा रस्ता तिथून सरळ जातो. आडव्या रस्त्यानं येणाऱ्यानं थांबायचं, तशी लाल पाटी आहे. त्या आडव्या रस्त्यानं गेलन हॉगेनचा पिकअप आला आणि तिच्या बाजूच्या दारावर आदळला. ती गाडीसकट चरात जाऊन पडली. शुद्धीवर आली तेव्हा गेलन फुटलेल्या काचेतून हात घालून स्वतःचं जाकीट तिच्या अंगावर पसरत होता. "आर्लिस, मी तुला पाहिलंच नाही," असं तो पुनःपुन्हा म्हणत होता. शहात्तर वर्षांचा माणूस. तो चाळीस वर्षं थॉर्सनेसांच्या शेजारी शेती करत होता. रविवारी चर्चच्या दारात उभं राहून लोकांना जागा दाखवायचं काम त्याचंच.

तिच्या ओटीपोटाचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. शहरातल्या इस्पितळात एक पट्टी आणि सात स्क्रू घालून डॉक्टरांनी ते जोडलं. अकरा दिवसांनी ती घरी आली. गावानं रीतसर डबे पाठवले. गेलनच्या बायकोनं, लव्हॉननं, बटाटे आणि चीज घालून भाजलेल्या पदार्थाची परात दोनदा आणून दिली. गेलन दर गुरुवारी ऑरिनशी पत्ते खेळायला यायचा तो येतच राहिला. ऑरिन म्हणजे आर्लिसचा नवरा. सरकारी रस्तेखात्यात होता, हिवाळाभर बर्फ काढायचं यंत्र चालवायचा. एकदा बोलला की आठवडाभर पुरेल, असा त्याचा हिशोब.

तब्येत कशी आहे असं कुणी विचारलं, की त्या मुलखात "चाललंय, ठीक आहे" म्हणतात. आर्लिसचं तर माहेरही तसंच. तिच्या वडिलांचा अंगठा एकदा मळणीयंत्रात गेला. त्यांनी हातावर रुमाल गुंडाळला, राहिलेली ओळ पुरी केली आणि मग डॉक्टरकडे गेले. ही गोष्ट त्यांच्या घरी कौतुकानं सांगायचे. म्हणून डिसेंबरात गेलनच्या विमा कंपनीच्या माणसानं फोन करून "आता कशा आहात?" असं विचारलं, तेव्हा आर्लिस सवयीनं "ठीक आहे, बरंच बरं आहे," म्हणाली. तिला उभ्यानं वीस मिनिटं काढता येत नव्हती, झोपायला ती आरामखुर्चीत जात होती. पण त्यानं कशी आहात एवढंच विचारलं, आणि त्याला तिचं ठरलेलं उत्तर मिळालं. ते बोलणं त्यानं ध्वनिमुद्रित केलं होतं. आठ दिवसांत कागद आला. सगळ्याचे मिळून नऊ हजार डॉलर घ्यावेत, पुढे काही मागू नये आणि खाली सही करावी.

आर्लिसनं पेन शोधलं. ऑरिन टेबलापाशी उभा होता.

"सही करू नकोस," तो म्हणाला.

तिनं कारण विचारलं तर त्यानं नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यानं फोनशेजारी एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर जिल्ह्याच्या गावातल्या एका वकीलबाईंचा नंबर होता.

रेनाटा कोवाल्चिक मूळच्या शिकागोच्या. बोलायला लागल्या की थांबत नसत, आणि जेवताना टेबलावर कोपरं टेकत. आर्लिसला त्या पहिल्या अर्ध्या तासात मुळीच आवडल्या नाहीत. त्यांनी तिला समजावलं. औषधपाण्याचा खर्च तिच्या स्वतःच्या विम्यातून निघेल, बुडलेल्या पगाराचा हिशोब मांडता येईल, पण कायद्यात आणखी एक बाब असते. दुखतं त्याची भरपाई. त्याची पावती कुठल्याच दुकानात मिळत नाही, ती आर्लिसनं स्वतःच्या तोंडानं सांगायची. तेवढ्यासाठी त्यांनी तिला एक वही दिली आणि रोज किती दुखलं, काय जमलं, काय जमलं नाही ते लिहायला सांगितलं.

आणि दावा गेलनच्या नावावर लागेल हेही सांगितलं. पैसे देणार विमा कंपनी, पण कागदावर लिहिणार 'आर्लिस थॉर्सनेस विरुद्ध गेलन हॉगेन'.

"मग नको," आर्लिस म्हणाली.

"कायदाच तसा आहे, बाई. त्यांच्या खिशातून काही जात नाही."

"नाव तर जातं ना."

ती उठली. उठताना तिनं टेबलाची कड पकडली आणि तिच्या कपाळावर घाम आला. रेनाटाबाईंनी ते पाहिलं. ऑरिननंही पाहिलं. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, की कंपनीनं सरळपणे विचारलं असतं तर ही वेळ आली नसती. त्याच्या मानानं हे मोठं भाषण होतं. जानेवारीभर तिनं विचार केला. शाळेकडून पत्र आलं, की मार्चपर्यंत ती परतली नाही तर जागा भरावी लागेल. फेब्रुवारीत तिनं दाव्यावर सही केली.

कागद गेलनच्या घरी नेऊन दिले ते कुणा परक्या माणसानं. पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफीला गेल्यावर आर्लिसला कळलं, की बातमी पोचलीय. कुणी काही वाकडं बोललं नाही. तिथे वाकडं बोलतच नाहीत. नुसत्या खुर्च्या थोड्या सरकल्या. लव्हॉन कॉफी वाढत होती. ती आर्लिसच्या टेबलापर्यंत आली आणि किटली घेऊन तशीच वळली. गेलनचं गुरुवारी येणं बंद झालं. विमा कंपनीच्या वकिलानं त्याला त्या घरी जायचं नाही असं बजावलंय, असं नंतर समजलं.

वरून दुसरी गोष्ट बाहेर आली. गेलननं कंपनीला लेखी दिलं होतं, की मी पाटीपाशी पूर्ण थांबलो, दोन्हीकडे बघितलं, मग निघालो. आर्लिसच वेगात आली असावी. चौकात तिसरं कुणी नव्हतं. आर्लिसला त्या क्षणाचं काहीच आठवत नव्हतं. हे वाचून तिला राग यायला हवा होता. आला नाही. रात्रंदिवस स्वतःलाच विचारायची, की खरंच मी वेगात होते का?

जूनमध्ये खटल्याआधीच्या साक्षी ठरल्या. त्या न्यायालयात नसतात, वकिलाच्या कचेरीत होतात. एक लांब टेबल, दोन्हीकडचे वकील, आणि शब्दन् शब्द टिपून घेणारी एक बाई. दावा ज्यांचा आणि ज्यांच्यावर, त्या दोघांना बसता येतं. म्हणून टेबलाच्या एका टोकाला आर्लिस आणि दुसऱ्या टोकाला गेलन, रविवारचा कोट घालून. लव्हॉन बाहेरच्या बाकावर बसली होती.

आर्लिसची साक्ष आधी झाली आणि चांगली झाली नाही. कंपनीचा वकील, वेल्डन त्याचं नाव, मुळीच दुष्ट नव्हता. त्यानं तिला पाणी दिलं, मऊ खुर्ची मागवली. मग तिची वही उघडली. अकरा आठवड्यांच्या नोंदी होत्या. 'ठीक.' 'ठीक.' 'आज थोडं ठणकलं. ठीक.' 'बर्फ पडलं. ठीक.' त्यानं त्या एकामागून एक वाचून दाखवल्या आणि हे अक्षर तुमचंच ना, असं विचारलं. ती हो म्हणाली. यात काही खोटं आहे का, असं विचारलं. ती नाही म्हणाली. रेनाटाबाई पेनाचं टोपण चावत होत्या.

मग ऑरिनला बोलावलं. आर्लिसला वाटलं, आता तर संपलंच. हा माणूस स्वतःच्या लग्नात दोन वाक्यं बोलला होता.

त्यानं हात वर करून शपथ घेतली. रेनाटाबाईंनी विचारलं, की अपघातानंतर घरात काय बदललं.

"पिठाचा डबा," तो म्हणाला.

त्याला नीट सांगायला लावलं, तेव्हा तो हळूहळू सांगू लागला. पिठाचा डबा खालच्या फळीवर असायचा. तिला वाकता येत नाही, म्हणून त्यानं तो वर ठेवला. एकदम सगळं हलवलं असतं तर ती रागावली असती, म्हणून आठवड्याला एकच वस्तू. डबा, मग जड तवा, मग कपड्यांचा साबण, मग तिचे हिवाळी बूट. आता खालच्या फळ्यांवर काहीच नाही. तिच्या लक्षात आलेलं नाही असं त्याला वाटतं.

आर्लिसच्या लक्षात आलं नव्हतं. आपण घर बरं लावलंय, एवढंच तिला वाटत आलं होतं.

सकाळी ती मोजे घालते, तो सांगत होता. आधी मिनिटभर लागायचं, आता पंधरा-वीस मिनिटं लागतात. तो तोवर खोलीबाहेरच्या बोळात भिंतीला टेकून उभा असतो. आत जात नाही. आत गेलं की ती म्हणणार, मला जमतंय. मोजे चढले, की तो दबक्या पावलांनी स्वयंपाकघरात जातो आणि जणू आत्ताच आलोय असं करतो.

वेल्डन पुढे झुकला. "मिस्टर थॉर्सनेस, तुमच्या पत्नीनं स्वतः लिहिलंय की ठीक आहे. मग त्या खोटं लिहितात का?"

"नाही."

"मग?"

"तिला तसंच शिकवलंय. मलाही." मग तो म्हणाला, "जानेवारीत गॅरेजमधल्या जुन्या गाडीच्या काचा आतून धुरकटलेल्या असायच्या."

वेल्डनला कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं.

"गाडी कुणी बाहेर काढत नव्हतं. गॅरेजला ऊब नाही, आत बाहेरच्याइतकंच गार. तरी दुपारी मी कामावरून आलो की काचांवर आतून वाफ. एकदा लवकर आलो, तेव्हा खिडकीतून बघितलं. ती मागच्या सीटवर बसून रडत होती. तोंडात टॉवेल होता. घरात रडली असती आणि मी मध्येच आलो असतो तर ऐकलं असतं, म्हणून तिकडे. मी परत गेलो, गावात एक चक्कर मारली आणि नेहमीच्या वेळेला आलो."

"असं किती वेळा झालं?"

"काचा मी रोज बघायचो," ऑरिन म्हणाला. "सुक्या फार कमी असायच्या."

टिपून घेणाऱ्या बाईची बोटं थांबली. आर्लिस समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होती. उघडं पडल्यासारखं तिला वाटलं, भर चर्चमध्ये अंगावरचा कोट कुणी ओढून घ्यावा तसं. वेल्डननं कागद सारखे केले आणि आणखी प्रश्न नाहीत म्हणाला.

पाच मिनिटं विश्रांती होती. कुणी उठलं नाही. मग गेलनची पाळी आली.

रेनाटाबाईंनी आधी वय, शेती, डोळे वगैरे विचारलं. मग साध्या आवाजात विचारलं, की त्या दिवशी तुम्ही पाटीपाशी थांबलात का.

गेलननं ऑरिनकडे बघितलं. "नाही," तो म्हणाला.

वेल्डन ताबडतोब म्हणाला, की अशिलाशी दोन शब्द बोलायचेत, जरा बाहेर जाऊ.

"नको," गेलन म्हणाला. "बाहेर गेलो तर परत येऊन दुसरंच काहीतरी बोलेन. मला संपवू दे." त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "शेजारच्या रानात नवं यंत्र बीट उपटत होतं. बारा ओळी एका दमात. आम्ही सहावर आयुष्य काढलं. मी तिकडे बघत होतो. पाटी मागे गेली ते मला कळलंसुद्धा नाही."

"मग थांबलो असं लिहून का दिलंत?"

"तसं झालं असावं असं वाटायचं. रोज थोडं जास्त वाटत गेलं. कागद बायकोनं लिहिला, मी सही केली. लायसन जाईल याची तिला भीती होती. गाव आठ मैल लांब आहे आमच्यापासून." मग तो आर्लिसकडे वळला. "वेगात नव्हतीस तू. तू नेहमी हळूच चालवतेस."

वेल्डननं डोळे मिटून घेतले. आर्लिसनं कितीतरी महिन्यांनी पुरता श्वास सोडला.

परतीच्या वाटेवर बारा मैल झाले होते. दोन्ही बाजूंना बीटाची कोवळी रोपं, ओळीच ओळी.

"कधीपासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"जानेवारीपासून."

"आणि बोलला नाहीस."

"तुला लपवायचं होतं."

तिला संताप आला. इतका, की तिनं हातातली पर्स पायाशी आपटली. मी एकटी तिथे थंडीत कुडकुडत बसायचे आणि तू खिडकीतून बघून गावात चक्कर मारायचास, असं ती म्हणाली. मी काय तुझ्या यंत्राखालचा रस्ता आहे का, लांबून नजर ठेवायला? मूर्खपणा झाला, एवढंच ऑरिन म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, की दार उघडलं असतं तर तू उतरून घरात गेली असतीस आणि पुन्हा कधी रडायलाही गेली नसतीस, असं वाटलं. तिला ते खरं वाटलं, आणि त्याचा आणखी राग आला.

"आत्ता दुखतंय," ती म्हणाली. "सकाळपासून बसून बसून आग होतेय नुसती."

त्यानं गाडी कडेला घेतली. उतरून तिचं दार उघडलं, कोपराखाली हात दिला. ती बॉनेटला टेकून उभी राहिली. कुठे दुखतं असं त्यानं विचारलं, आणि तिनं हात लावून दाखवलं. इथून सुरू होतं, इथपर्यंत उतरतं, पावसाळी हवेत गुडघ्यापर्यंत जातं. तो लक्ष देऊन ऐकत होता. मागून बियाण्याचा ट्रक आला. काही मदत हवी का, असं ड्रायव्हरनं विचारलं. ऑरिननं हात हलवून नको म्हणून सांगितलं.

ऑगस्टमध्ये तडजोड झाली. गेलनच्या विम्याची जेवढी मर्यादा होती तेवढे, एक लाख, कंपनीनं कबूल केले. रेनाटाबाईंचं म्हणणं होतं, की ऑरिनची साक्ष न्यायालयात ज्युरीच्या पंचांसमोर झाली तर याच्या दुप्पट मिळतील. पण मर्यादेच्या वरचे पैसे गेलनला स्वतः द्यावे लागतील, म्हणजे जमीन विकून. आर्लिसनं ऑरिनकडे बघितलं. दुखणं तुझं आहे, तू ठरव, असं तो म्हणाला. जमिनीला हात लावायचा नाही, असं तिनं सांगितलं. रेनाटाबाईंनी पहिल्यांदाच वाद घातला नाही. निघताना त्यांनी आर्लिसला मिठी मारली. आर्लिसला ते अवघड झालं, पण ती उभी राहिली.

फी आणि खर्च जाऊन चेक आला तो दोन दिवस साखरेच्या भांड्याखाली पडून होता. एवढ्या पैशाचं काय वाटायला हवं ते तिला कळेना. आनंद नव्हता. आपलं दुखणं कुणीतरी लेखी मान्य केलं, एवढं मात्र वाटत होतं. तिसऱ्या दिवशी तिनं तो बँकेत भरला. ऑरिननं तळमजल्यावर मोरी बांधून घेतली, भिंतीला धरायला दांड्या बसवल्या, बिछाना खाली आणला. शाळेत नव्या बाईंची नेमणूक झाली होती. पाव आता बाहेरून येऊ लागले. अपघातातलं कुठलंच नुकसान आर्लिसला एवढं लागलं नव्हतं.

गेलननं आपण होऊन लायसन परत केलं. लव्हॉननं गाडी चालवणं सोडून तीस वर्षं झाली होती. एका हिमवादळात ती चरात गेली आणि तेव्हापासून चाकाला तिनं हात लावला नव्हता. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिनं पुन्हा परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास.

सप्टेंबरपासून गुरुवारचे पत्ते पुन्हा सुरू झाले. लव्हॉन गेलनला घेऊन येते, अंगणात गाडी उभी करते आणि आत येत नाही. दोन तास गाडीत बसून विणते. पहिल्या दिवशी गेलन टोपी गुडघ्यावर ठेवून आर्लिससमोर बसला आणि म्हणाला, की लव्हॉनचं मनावर घेऊ नकोस. आर्लिस म्हणाली, मी घेत नाही. पण घेत होती.

नोव्हेंबरात थंडी वाढली. एका गुरुवारी आर्लिसनं कपात कॉफी ओतली आणि काठी टेकत, थांबत थांबत, अंगण ओलांडून गाडीपाशी गेली. लव्हॉननं सुया खाली ठेवल्या. काच चार बोटं खाली केली, कप आत घेतला आणि एक घोट घेतला.

"दूध जास्त झालंय," ती म्हणाली आणि काच वर केली.

पुढच्या गुरुवारी कप परत आला, धुऊन पुसून, गेलनच्या हातून.